दार उघड, फक्त बोलायचंय

४ जानेवारी

मिळाली एकदाची भूमिका. नाटक इंग्रजी, तुरुंगातलं. मी जेलर. दोन अंक कैद्यांना बडवायचं, शेवटी त्यातल्या एकाला जिवे मारायचं, आणि हे सगळं स्कॉटिश इंग्रजीत. बडवणं मला जमतं. उभा जन्म खलनायक करण्यात गेलाय. पण आजच्या वाचनाला मी जे काही स्कॉटिश म्हणून बोललो, ते ऐकून काडी अक्षरशः टेबलाखाली गेला. काडी म्हणजे माझ्या हातून मरणारा कैदी. अंगाने काडीच, पण हसतो भोंग्यासारखा.

दिग्दर्शक हसला नाही. हे नाटक उन्हाळ्यात तिकडच्या महोत्सवाला न्यायचंय त्याला, आणि पहिल्या प्रयोगाला तिकडची माणसं पाहायला येणार आहेत. त्यांनी कपाळाला आठी घातली की सगळं मुसळ केरात. उच्चार शिकवणाऱ्या एक बाई आहेत म्हणे, परवापासून त्यांच्याकडे जायचं. या वयात मला शिकवणी? मी नाक वर करून नाही म्हणालो. जाणार अर्थात.

६ जानेवारी

बाई चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट बंद, माझा श्वास बंद. दाराला आतून किती कड्या आहेत देव जाणे, उघडताना नुसता खडखडाट. दारामागेच एक टेबल, त्यावर इस्त्री उभी. बाईंच्या अंगावरचा सदरा मात्र चुरगळलेला. बारीक अंगाच्या, बोलतात मोजकं, हसायचं काम बहुधा दुसऱ्या कुणावर सोपवलेलं. एक मुलगी आहे, आठ-नऊ वर्षांची. तिने मला पाहिलं आणि न्हाणीघरात जाऊन कडी घातली. मी तिचं नाव ठकी ठेवलं.

बाईंची अट एकच. त्यांचं नाव, फोटो, पत्ता कुठेही येता कामा नये. जाहिरातीत नाही, मुलाखतीत नाही, गप्पांत नाही. मी म्हणालो, एवढं कसलं गुपित? त्या म्हणाल्या, "एका माणसाला मी कुठे आहे ते कळायला नकोय." संपलं. कुणी जुना विद्यार्थी पाठीमागे लागला असेल.

आणि एक नियम. घंटी वाजवायची नाही. दाराबाहेर उभं राहून जेलरच्या आवाजात, इंग्रजीत, एक वाक्य म्हणायचं: दार उघड, फक्त बोलायचंय. त्यांना पटलं तरच त्या उघडणार. आपल्या भाषेत हाक मारली तर त्या दिवसाची शिकवणी बुडाली. मी म्हणालो, हे वाक्य नाटकात नाहीये. त्या म्हणाल्या, घाला.

११ जानेवारी

तीन चकरा फुकट. दाराबाहेर घसा कोरडा करतो आणि आतून आवाज येतो, "नाही." शेजारचे म्हातारे दार किलकिलं करून बघतात. त्यांना वाटत असेल, बाईंनी माझं काहीतरी घेऊन ठेवलंय.

आज एकदाची आत गेलो. तासभर फक्त जबडा. म्हणे उच्चार जिभेत नसतो, जबड्यात असतो. हा माणूस, त्या म्हणाल्या, डावी बाजू उघडतच नाही. र जिभेच्या शेंड्यावर थरथरवायचा, शब्दाच्या मधला ट घशातच दाबून टाकायचा, आणि स डाव्या दाढांतून सोडायचा, सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटते तसा. मी विचारलं, तिकडे सगळे असेच बोलतात? बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं मला ठाऊक नाही. मला एकच माणूस येतो."

कोण हो? तर म्हणाल्या, तिकडे संसार केला होता. मग पाणी प्यायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

१९ जानेवारी

तालमीत काडीचा ओठ फोडला. मुद्दाम नाही. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कानाजवळून फिरवायचा होता. मी बाईंच्या जबड्यात बोलत होतो, आणि त्या जबड्यात बोललं की हात आपोआप जोरात जातो. काडी खाली बसला, हनुवटीवरून रक्त, सगळे थिजले. दिग्दर्शक म्हणाला, मार असाच दिसला पाहिजे, फक्त लागायला नको. काडी बर्फ लावून घेत म्हणाला, ते त्याच्या हाताला समजावून सांगा.

घरी सांगितलं तर बायकोने विचारलं, "माफी मागितलीस?" मागितली की. तिने विचारलं, कुठल्या आवाजात? जेलरच्याच आवाजात मागितली होती.

२७ जानेवारी

आज मोठं घबाड लागलं. मी बाईंना विचारलं, जेलर चिडला की कसा ओरडेल? त्या म्हणाल्या, ओरडणारच नाही. चिडला की त्याचा आवाज खाली जातो. इतका खाली की ऐकायला आपणच पुढे वाकतो. आधी विचारतो, दार नीट लावलंय ना? मग मनगटावरचं घड्याळ काढतो, पट्ट्याची घडी घालतो, समोर दिसेल असं ठेवतो. घड्याळ महागाचं आहे, काचेला ओरखडा नको. मग मारतो.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी म्हणालो, बाई, तुम्ही लेखिका व्हायला हवं होतं. त्या इस्त्रीकडे बघत होत्या. ठकी आतल्या खोलीत चित्र रंगवत होती, तिचा खडू थांबला.

संध्याकाळी तालमीत केलं. घड्याळ काढलं, घडी घातली, ठेवलं. काडीला हातही लावला नव्हता, तरी तो मागे सरकला. दिग्दर्शकाने मला मिठीच मारली.

८ फेब्रुवारी

आज बाजारात एकाने माझ्या गाडीला मागून ठोकलं आणि वर अरेरावी. एरवी मी घसा ताणून भांडतो आणि हरतो. आज नुसता खाली उतरलो, घड्याळ काढलं, घडी घालून त्याच्या बॉनेटवर ठेवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, तुझ्या गाडीचं दार नीट लागलंय ना? गडी पांढराफटक. हात जोडून निघून गेला. मला केवढा आनंद झाला.

बायको गाडीतच होती. जेवताना म्हणाली, "हे त्या बाईंनी बनवून सांगितलेलं नाही. हे त्यांच्यावर झालंय. तुला दिसत नाही का?" मी म्हणालो, शिक्षकाचं निरीक्षण असतं. ती म्हणाली, "नाव नको, फोटो नको, कड्या, दाराशी इस्त्री. नवऱ्यापासून लपून राहिल्यात त्या. तुझं डोकं आहे की भोपळा?"

असेलही. पण मग त्याचाच आवाज मला का शिकवतील? मी असतो तर त्या आवाजाचं तोंडही पाहिलं नसतं.

१७ फेब्रुवारी

बाई हल्ली वाक्याला शेरा देतात. दार उघडून म्हणतात, आज भीती नाही वाटली. किंवा, आज निम्मी वाटली. आज म्हणाल्या, बरीच वाटली, पण उघडल्यावर तुम्ही दिसलात. आणि चक्क हसल्या. धापा टाकणारा, पोट सुटलेला, हातात छत्री धरलेला मी. ठकीही हल्ली न्हाणीघरात जात नाही, काका म्हणते, दाराशी येऊन उभी राहते. मी वाक्य म्हटलं की दोघी कान देऊन ऐकतात आणि मग कड्या निघतात. हल्ली कमी कड्या निघतात असं वाटतं.

मी म्हणालो, शंभर टक्के कधी देणार? बाई म्हणाल्या, ज्या दिवशी तुम्ही ओळखू येणार नाही त्या दिवशी.

२ मार्च

पहिला प्रयोग. शेवटच्या प्रवेशात मी घड्याळ ठेवलं तेव्हा प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. काडीला मारताना पहिल्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. टाळ्या थांबेनात.

तिकडच्या पाहुण्यांपैकी एक आजीबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, तू आमच्याकडचा नाहीस यावर माझा विश्वास बसत नाही, शहरच काय, गल्लीसुद्धा सांगू शकेन. फक्त तो स आमचा नाही. तो कुणातरी जबडा मोडलेल्या माणसाचा आहे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आजी, कान तपासून घ्या.

बाई आल्या नव्हत्या. त्यांना तिकीट पाठवलं होतं.

५ मार्च

आज वाहिनीवर मुलाखत झाली. मुलाखतकार म्हणाली, हा उच्चार ही दैवी देणगी. मला राहवलं नाही. सगळं श्रेय मीच कसं खाऊ? बाईंचं नाव घेतलं. याच शहरात राहतात, चौथा मजला चढून जायचो, हेही सांगितलं. मनापासून आभार मानले. पत्ता काही दिला नाही.

बायको बघत होती. उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. आता आभार मानणंही गुन्हा. बाईंना उद्या फोन करून सांगतो.

१४ मार्च

फोन राहिलाच. मुलाखत आणि त्यासोबतचा घड्याळाचा प्रवेश तिकडे लाखो लोकांनी पाहिलाय म्हणे. शिकवणी आता आठवड्यातून एकदाच, महोत्सवापर्यंत. बाईंनी मुलाखतीचं काही काढलं नाही, म्हणजे त्यांनी पाहिली नसावी. त्यांच्याकडे टीव्हीच नाही. मीही विषय काढला नाही. उगाच त्यांचा मूड कशाला घालवा.

आजचा शेरा, पाऊण.

२३ मार्च, सकाळ

काल दुपारच्या प्रयोगानंतर रंगपटात एक पाहुणा आला. अस्सल तिकडचा. उंच, खांदे रुंद, सूट, हातात फुलं. काय बोलतो हो! आणि स तोच, डाव्या दाढांतून. मला असं झालं, आत्ता त्या आजीबाईंना बोलवावं आणि दाखवावं. त्याच्या डाव्या गालाखाली जुना व्रण आहे, बोलताना ती बाजू हलत नाही.

भला माणूस. माझा हात धरून म्हणाला, तुला ऐकताना मला आरशासमोर बसल्यासारखं झालं. घड्याळाचं कुणी सुचवलं, असं विचारलं. मी म्हणालो, बाईंनीच. तो स्वतःच्या मनगटाकडे बघून हसला. मग म्हणाला, अशा शिक्षिकेला फुलं माझ्या हाताने द्यायची इच्छा आहे, पण आधी सांगू नकोस, गंमत जाईल. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? पत्ता दिला. आणि दाराचा नियमही सांगितला, नाहीतर त्याला बाहेरच उभं राहावं लागलं असतं. तो इतका हसला की डोळे पुसले. म्हणाला, कुठलं वाक्य? मी म्हटलं. त्याने पुन्हा म्हणून दाखवलं, खालच्या आवाजात.

खरं सांगतो, माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. आज अकराला माझी शिकवणी आहे, तो त्याच्या थोडा आधी जाणार म्हणालाय, मग बाईंना सांगेन.

२९ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापासून प्लास्टरमध्ये आहे.

त्या सकाळी वरचं लिहून झालं आणि चहा घेताना बायकोला पाहुण्याची गोष्ट रंगवून सांगितली. तिने कप खाली ठेवला. विचारलं, "गालाखाली व्रण? पत्ता दिलास?" मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. म्हणाली, "ऊठ. पळ. मी पोलिसांना फोन करते."

मी बाईंना फोन लावत पळालो. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. चार मजले मी कसे चढलो मला आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. एकही कडी तुटलेली नव्हती. सगळ्या आतून, हाताने काढलेल्या.

दारामागच्या टेबलावर इस्त्री होती. इस्त्रीशेजारी फुलं. फुलांशेजारी घड्याळ, पट्ट्याची घडी घालून, समोर दिसेल असं.

आतून माझा आवाज येत होता. हळू, खालचा, समजावणीचा. मधूनच ओला धप्प असा आवाज, मग पुन्हा समजावणी. बाई जमिनीवर होत्या. तो त्यांच्या छातीवर गुडघा टेकून बसला होता आणि त्यांची हनुवटी एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारत होता, घाई न करता, एकाच जागी. बाईंचं तोंड तोंडासारखं राहिलं नव्हतं. फरशीवर दात होते.

मी ओरडलो. काय ओरडलो? जेलरचं वाक्य, त्याच आवाजात. दुसरं काही आलंच नाही. त्याने वर पाहिलं आणि हसला. म्हणाला, छान. मग उठला.

रंगमंचावर मी किती माणसं लोळवली असतील. त्यातला एक ठोसा कामाला आला नाही. त्याने माझा हात पकडला, दाराच्या चौकटीवर ठेवला आणि दार लावलं. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, दुखलं नंतर. मी खाली पडलो, त्याने पोटात लाथा घातल्या, मग तो पुन्हा बाईंकडे वळला. जाताना मला सौम्यपणे म्हणाला, दार नीट लाव.

मी डाव्या हाताने इस्त्री उचलली. पहिला घाव मानेवर बसला. तो वळला तेव्हा दुसरा जबड्यावर, उजव्या बाजूला, जी शाबूत होती. तो गुडघ्यावर आला. तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. तो आडवा झाल्यावरही मारत होतो. प्रत्येक घावाला काहीतरी बोलत होतो, त्याच्याच जबड्यात, त्याच्याच स मध्ये, आणि मला बरं वाटत होतं. हे इथे लिहितोय, कारण पोलिसांना मी हे सांगितलेलं नाही.

शेजारचे म्हातारे दाराशी येऊन पुरे, पुरे म्हणाले तेव्हा हात थांबला.

ठकी न्हाणीघरात होती, आतून कडी. मी दारावर थाप मारून म्हणालो, उघड, सगळं संपलंय. आतून जी किंकाळी आली ती माझ्या कानातून अजून गेलेली नाही. मी इंग्रजीत बोललो होतो. त्या आवाजात. मला कळलंच नाही.

मग दाराला टेकून बसलो आणि आपल्या भाषेत म्हणालो, बाळा, काका आहे. मी पोट सुटलेला काका, मला लिफ्ट नसली की दम लागतो. मग ती म्हणाली, "छत्री कुठाय?" मी म्हणालो, आज विसरलो गं. आणि तिथे बसून ढसाढसा रडलो. मग कडी निघाली.

४ एप्रिल

तो जगला. रुग्णालयात आहे, दाराशी पोलीस, बरा झाला की तुरुंग. जबडा दोन्ही बाजूंनी गेलाय. डावी बाजू बाईंनी मोडली होती, याच इस्त्रीने, तिकडून पहिल्यांदा निसटू पाहिलं आणि जमलं नाही तेव्हा. बायकोने हे ठकीकडून ऐकलं. ठकी सध्या आमच्याकडेच आहे. माझ्याशी बोलते, पण मी खोलीत शिरताना आधी खाकरावं लागतं.

दिग्दर्शक येऊन गेला. बातमी झाल्यापासून तिकीटखिडकीवर रांग आहे म्हणे, हात बरा झाला की प्रयोग लावू. मी म्हणालो, दुसरा जेलर बघ. तो म्हणाला, असा दुसरा कुठून आणू? मी त्याला हाकलून दिलं. काडी जिन्यात थांबला होता, तो वर येऊन माझ्याजवळ बसला.

९ एप्रिल

आज बाईंना भेटायची परवानगी मिळाली. बायको म्हणाली, मी येते. मी म्हणालो, नको, हे मला एकट्याला करायला हवं.

खोलीचं दार बंद होतं. मी बाहेर उभा राहिलो. वाजवावं तर नियम आठवला. बोलावं तर घशातून काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही. परिचारिका दोनदा शेजारून गेली, तिसऱ्यांदा तिनेच दार ढकललं.

बाईंचा जबडा तारांनी बांधलाय. चेहरा अजून निळा. त्यांनी मला पाहिलं आणि खुर्चीकडे बोट केलं. दात मिटलेलेच, ओठांच्या फटीतून म्हणाल्या, "बसा." स डाव्या बाजूने सुटला. ट्यूबमधून हवा सुटते तसा. मला बसवेना.

उभ्यानेच सांगितलं. मुलाखतीत नाव मी घेतलं. पत्ता मी दिला. दाराचं वाक्यही मीच सांगितलं. तुम्ही एकच अट घातली होती. मला मारा, शिव्या द्या, काही तरी करा.

त्या म्हणाल्या, माहीत आहे. त्यानेच सांगितलं, मारता मारता. तुझ्या विद्यार्थ्याने पाठवलंय म्हणाला. हे सांगताना त्यांना प्रत्येक शब्दाला थांबावं लागत होतं, लाळ पुसावी लागत होती. मी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

मी विचारलं, एवढे महिने तो आवाज तुम्ही मला का शिकवलात? त्या म्हणाल्या, रोज तोच आवाज यायचा, रोज मी दार उघडायचे आणि रोज बाहेर तुम्ही असायचात. रात्री झोप लागायला लागली होती.

मी जायला वळलो. दाराशी पोहोचलो तेव्हा त्यांनी मागून बोलावलं. मी थांबलो, पण वळलो नाही.

"त्या दिवशी वाक्य ऐकलं," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटलं, आज जमलं तुम्हाला. शंभर टक्के द्यायला पळत येऊन दार उघडलं मी."